न बसणारं काडतूस आणि आउने राउतिओ

काडतूस रायफलीत बसत नसेल तर तुम्ही काय करता? खरं सांगा. काडतुसामागे लागणारं दार म्हणजे बोल्ट, त्याच्या दांड्यावर तळहात टेकून जोर लावता ना? तरी दार लागत नाही म्हटल्यावर बुटाची टाच? मग तुम्ही आमच्या वेस्ट रोझलमध्ये सहज खपाल. बेअरटूथ डोंगराच्या पायथ्याशी दर वर्षी एल्क या थोरल्या हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की असे वीर निघतात, आणि सगळे उपाय थकले की आउने राउतिओच्या तळघराच्या पायऱ्या उतरतात. उतरताना टोपी काढतात. चर्चमध्ये विसरतील, तिथे नाही.

आउनेने उभा जन्म शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या पुरुषांना तिने कधी ना कधी भर रस्त्यात बसमधून खाली उतरवून चालायला लावलंय. ते सगळे आजही तिला 'तॅती' म्हणतात. तिच्या फिनिश लोकांत मावशीला तसं म्हणतात. अंगाने दणकट, चष्म्याला जाड काचा, आवाज बसच्या भोंग्याचा. बाप कोळशाच्या खाणीत होता. त्याची उजव्या हाताची बोटं खाणीतच राहिली, म्हणून काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा ती फ्रॉकात होती तेव्हापासून ओढते आहे.

आमच्याकडे विकतचं काडतूस वापरणाऱ्याकडे लोक कसे बघतात माहीत आहे? घरी आई असताना खानावळीत जेवणाऱ्याकडे बघावं तसं. बार उडाल्यावर बाहेर पडलेली पितळी पुंगळी कुणी टाकत नाही. ती पुसायची, साच्यातून काढून पुन्हा आकारात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, पोटात मोजून दारू, तोंडात नवी गोळी. ज्याच्या त्याच्या गॅरेजात हा उद्योग चालतो आणि ज्याच्या त्याच्या गॅरेजात चुका होतात.

"तॅती, हे बसत नाही गं."

"दिसतंय. नळीचं तोंड भिंतीकडे कर आधी. काडतूस बाहेर काढू, मग तुझी अक्कल काढू."

तिची रीत ठरलेली. आधी त्या काडतुसाची गोळी उपसायची, दारू ओतून टाकायची, टोपी काढायची आणि गोळी होती तेवढीच खोल पुन्हा बसवायची. याला ती 'मेलेलं काडतूस' म्हणते. जिवंत काडतूस ज्योतीजवळ नेणाऱ्याला ती तळघरातून हाकलून देते. हे मेलेलं काडतूस ती मेणबत्तीच्या धुरावर फिरवते. काळं कुट्ट झालं की अलगद रायफलीत सरकवायचं, काढायचं आणि बघायचं. काजळी जिथे पुसली असेल, तिथे दुखणं.

"मानेच्या टोकाला पुसलंय. पुंगळी लांब वाढलीय तुझी. कापत नाहीस का रे, नखं तरी कापतोस?" किंवा, "गोळी बघ, ओरखडे आले. फार बाहेर बसवलीस. जीभ बाहेर काढून दार लावून घेतोयस." किंवा, "तोंडाची कड आवळताना एवढा जोर लावलास की खाली पोट सुटलं. जावयासारखं काडतूस झालंय."

आणि काजळी खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, पुसली असेल तर ती विचारते, "ही पुंगळी कुणाची?"

कारण पितळाला आठवण असते. बार उडतो तेव्हा पुंगळी फुगते आणि ज्या रायफलीत असेल तिच्या पोटाचा आकार घेते. दोन रायफली एकाच मापाच्या असल्या तरी पोटं सारखी नसतात. पितळ वाचवायला इथली माणसं पुंगळीची फक्त मान साच्यात दाबतात, खांद्याला हात लावत नाहीत. आपलीच पुंगळी, आपलीच रायफल, तोवर ठीक. पण दुसऱ्याची उचललेली पुंगळी अशी भरलीत, तर ती तुमच्या रायफलीत दारातच अडून राहते. तिला तिचं घर आठवत असतं.

आउनेच्या घरातलंही एक माणूस घरी आलेलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ उर्हो सोळा वर्षांपूर्वी एल्कच्या मागे डोंगरात गेला. रात्रीतून बर्फ पडलं. शोध झाला, आणि काहीच सापडलं नाही. ना टोपी, ना रायफल, ना हाड. मग गावाने अफवा पिकवल्या. अलास्कात गेला, बाई केली, कर्ज बुडवून पळाला. आमच्या परगण्याचं पोलीसकाम बघणाऱ्या शेरीफ ऑफिसने फाइलवर 'स्वखुशीने निघून गेला' असं लिहून ती बंद केली. आईच्या कबरीशेजारी उर्होची जागा रिकामी ठेवलेली होती. तिथलं गवत आउने कापायची. त्याला तिथे आणून ठेवायचं आणि तो 'स्वखुशीने' शब्द खोडायला लावायचा, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं.

मी त्या शब्दाच्या पायी तिच्या घरी जाऊ लागले. डोंगरात हरवलेल्या माणसांच्या बंद फाइली उघडा म्हणून मी त्या ऑफिसच्या दारात इतक्या वेळा बसले आहे की तिथला कुत्रासुद्धा मला ओळखतो. कायदा मला कुणी शिकवला नाही. तो मी त्याच दारात बसून वाचला. पण त्या फाइलीपुढे माझंही काही चालत नव्हतं. पुरावा आणा म्हणायचे. हरवलेला माणूस पुरावा पोस्टाने पाठवतो की काय!

तर त्या वर्षी पानं पिवळी पडत होती तेव्हाची दुपार. मी आउनेच्या तळघरात कॉफी पीत होते आणि डेल्बर्ट सिकोरा खाली आला. डेल्बर्ट म्हणजे गावातला एक नंबरचा चिक्कू. लोक जिथे रायफलीचा नेम तपासतात त्या खडीच्या खड्ड्यात संध्याकाळी जाऊन दुसऱ्यांच्या पुंगळ्या वेचणारा.

"तॅती, सगळ्या पिशवीतल्या चार-पाचच बसत नाहीत. बाकी लोण्यासारख्या जातात."

"वेचलेल्या ना?"

"आता पडलेलं पितळ काय रडतंय का मालकासाठी?"

"हे रडतंय," आउने म्हणाली. "म्हणून तर बसत नाही. दे इकडे."

तिने एक काडतूस मारलं, धुरावर काळं केलं, डेल्बर्टच्या रायफलीत सरकवलं. बोल्ट दोन बोटं उघडा राहिला. बाहेर काढलं. खांद्यावरची काजळी गोल पुसली होती. त्यात नवल नव्हतं. तिने चिंधीने पुंगळी पुसली, भिंगाखाली धरली, आणि तशीच धरून बसली.

डेल्बर्टने आधी पाय बदलला, मग विनोद केला.

आउने उठली. फळीवरून कॉफीचा एक जुना डबा काढला. त्यात उर्होच्या पुंगळ्या होत्या. काळवंडलेल्या. त्यांना तिने सोळा वर्षं साच्यात घातलं नव्हतं. तिने एक उचलली आणि डेल्बर्टच्या पुंगळीशेजारी भिंगाखाली धरली. मग भिंग माझ्याकडे सरकवलं.

दोन्हींच्या खांद्यावर नखाएवढी चंद्रकोर होती. एकसारखी. जुन्या पुंगळीवर होती तशीच, त्याच जागी, नव्या पुंगळीवर.

"उर्हो पोरसवदा होता तेव्हाची गोष्ट," आउने सावकाश म्हणाली. "त्याच्या रायफलीत पुंगळी तुटून अडकली. मला विचारायची लाज वाटली म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली. रायफलीच्या पोटात ओरखडा राहिला. तेव्हापासून तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तो उमटतो. मी त्याला म्हणायचे, तुझ्या मूर्खपणाचा शिक्का."

"मग त्याचीच जुनी पुंगळी असेल. खड्ड्यात पडून राहिलेली," डेल्बर्ट म्हणाला.

आउनेने पुंगळी उलटी केली. बुडावर कारखान्याची खूण होती. "या खुणेचं पितळ बाजारात येऊन चार वर्षंही झाली नाहीत."

सोळा वर्षांपूर्वी माणसासकट नाहीशी झालेली रायफल हल्लीच आमच्या गावाच्या खड्ड्यात उडाली होती.

डेल्बर्ट हळूच म्हणाला, "तो स्वतःच येत असेल का गं?"

"गप," आउने म्हणाली. पण तिने जिन्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मी लगेच शेरीफकडे निघाले होते. तिने मनगट धरलं. "काय सांगशील? चंद्रकोर? आधी हसतील, मग ही गोष्ट गावभर करतील, आणि रायफल नदीत जाईल. थांब. डेल्बर्ट, तू तोंड उघडलंस तर तुझी पुढची सगळी काडतुसं मी भरून देईन, दारू न मोजता. समजलं?"

डेल्बर्टला समजलं. तो पांढराफटक पडला.

मोसमाच्या आधीच्या शनिवारी फिनिश लोकांच्या सभागृहात, फिन हॉलमध्ये, आउनेचं टेबल लागतं. हे तिचं जुनंच काम. ज्याला शंका असेल त्याने रायफल आणि एक काडतूस आणायचं, ती बघून देते. कॉफी, पाव, गप्पा, जत्राच. त्या वर्षी तिने जाहीर केलं, "आधी माझं काडतूस घालून बघणार, मग तुमचं." तिचं काडतूस म्हणजे डेल्बर्टच्या पिशवीतलं, मारलेलं, चंद्रकोरवालं.

ते त्या मापाच्या कुणाच्याच रायफलीत बसेना. एकेक रायफल टेबलावर येत होती. आउने सरकवायची, बोल्ट लावायला जायची आणि तो अडायचा.

"तॅती, तुझंच काडतूस बसत नाही की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"म्हातारी झाली! चष्मा बदल!"

"इतकी वर्षं आमची अक्कल काढलीस, आता तुझी कोण काढणार?"

हॉल हसत होता. आउनेही तोंडदेखलं हसत होती. मी तिच्या शेजारी कॉफी ओतत उभी, आणि मला वाटत होतं की हे काडतूस या गर्दीत कुणालातरी शोधत फिरतंय. प्रत्येक रायफलीला हुंगून परत येतंय.

डॉरीन ग्रोस्विग आली तेव्हा रांग सरत आली होती. तिचा नवरा लेलँड रस्त्यावरचं बर्फ सारायचा ट्रक चालवायचा. उर्होच्या वर्गातला, सज्जन माणूस. डॉरीनने दोन रायफली आणल्या होत्या.

"ही त्याची नेहमीची. आणि ही कोठारात सापडली. लेलँड म्हणतो राहू दे, जुनी आहे, पण मी म्हटलं आले आहे तर दाखवते. गेल्या साली यानेच नवा लाकडी दस्ता बसवलाय बघ हिला, खड्ड्यात नेऊन चार बारही काढून बघितले. छान दिसते ना?"

आउनेने काडतूस सरकवलं. बोल्ट पुढे ढकलला, दांडा खाली केला.

आवाजसुद्धा झाला नाही. दार लागलं.

मागे कुणीतरी अजून हसत होतं. आउनेने बोल्ट उघडला, काडतूस काढलं आणि छोटा दिवा लावून नळीच्या पोटात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रायफल टेबलावर ठेवून तिच्यावर पंजा ठेवला, बसमध्ये दंगा करणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवायची तसा.

"लेलँड कुठाय?"

"बाहेर ट्रकमध्ये. का गं? बिघडलीय का?"

लेलँड ट्रकच्या फळीवर बसून होता. आउनेच्या हातात रायफल पाहिली आणि तो उठला नाही, पळाला नाही. खांदे उतरले फक्त. मला राग आवरेना. मी काहीतरी बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं नाही. आउनेने मला हाताने मागे सारलं.

"लेलँड, ही कुठे मिळाली?"

"सापडली."

"कुठे?"

"उत्तरेच्या कुंडात. शोध चालला होता तेव्हा."

डोंगराच्या पोटात बशीसारखी खोलगट जागा आहे, तिला आम्ही उत्तरेचं कुंड म्हणतो. शोधाच्या वेळी ती बाजू लेलँडला नेमून दिली होती. संध्याकाळी खाली येऊन त्याने सांगितलं होतं, उत्तर बाजू पाहिली, काही नाही. त्याच्या शब्दावर तिकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

"तू म्हणालास काही नाही."

"हो."

"का?"

"एका मोठ्या देवदाराला टेकून उभी होती, आउने. सरळ. आत्ता कुणी ठेवून बाजूला गेल्यासारखी. चहूकडे गुडघाभर बर्फ, पण रायफलीवर एक कण नाही. आणि पावलं नाहीत. कुणाचीच नाहीत. मी ती उचलली. मोठ्याने हाका मारल्या, उर्हो, अरे उर्हो, मी आलोय. आणि मग—"

"मग काय?"

"त्याने ओ दिली नाही. त्याने हाक मारली. 'पुल्ला' म्हणून."

आउनेचा चेहरा बदलला. पुल्ला म्हणजे फिनिश लोकांचा गोड पाव. लेलँड लहानपणी गुबगुबीत होता, तेव्हाचं ते नाव. "तुला तसं फक्त उर्होच म्हणायचा," ती म्हणाली.

"तेच ना! आणि तो आवाज माणसाचा नव्हता. बारीक, पोकळ, कुठून येतोय कळत नव्हतं. तुझाच बाप सांगायचा ना आपल्याला, मेलेला माणूस लहानपणच्या नावाने हाक मारतो, ओ दिलीस की गेलास. बर्फात तीन रात्री काढून कोण जगतं? मी समजलो, हा मेला, आणि आता मला नेतोय. मी पळालो. रायफल हातात आहे हे खाली आल्यावर कळलं. मग काय सांगू? भुताला भ्यालो म्हणून सांगू? एक दिवस गेला, मग दुसरा गेला, मग सांगण्यासारखं राहिलंच नाही."

हॉलमधून कुणीतरी गाणं लावल्याचा आवाज येत होता. आउने म्हणाली, "आवाज कुठून येत होता?"

"सांगितलं ना, कळत नव्हतं."

"आठव. वरून? समोरून?"

लेलँडने डोळे मिटले. मग म्हणाला, "खालून. जमिनीतून."

ते ऐकून मी आणखीच घाबरले. खोटं कशाला बोलू. पण आउने घाबरली नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी तू आम्हाला तिथे नेतोयस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वर गेलो. मी दोर आणि दोन मोठे टॉर्च घेतले होते. आउनेने रायफल खांद्याला लावली होती, आणि उर्होच्या वेळची एक लांब काठी हातात. ऊन चांगलं होतं. तरी कुंडात उतरलो आणि पाखरांचा आवाज थांबला. थांबला म्हणजे तिथे नव्हताच. वारा डोंगराच्या वरून जात होता, खाली पान हलत नव्हतं. आमच्यातलं कुणी खोकलं तरी तो खोकला दोनदा ऐकू यायचा, दुसऱ्यांदा थोडा उशिरा.

देवदार उभा होता. फांद्या जमिनीला टेकलेल्या, आत छपरासारखी कोरडी जागा. बर्फ तिथे पोचणारच नव्हतं. रायफलीवर कण का नव्हता ते मला तिथे कळलं, पण त्याने धीर आला नाही. एक गोष्ट उलगडली की माणूस दुसरीला घाबरायला मोकळा होतो.

आउनेने रायफल झाडाला टेकून उभी केली. "अशी?"

"अशीच."

"आता तू उभा होतास तिथे उभा राहा."

लेलँड चार पावलं बाहेर येऊन उभा राहिला. आउने त्याच्याभोवती काठी आपटत फिरू लागली. तळघरात काडतुसाभोवती काजळी फिरवते तसंच तोंड करून. ठप्, ठप्, ठप्. माती, माती, मुळं, दगड. ती त्याच्या पाठीमागे गेली. जुनिपरची झुडपं दाटली होती तिथे काठी टेकली, आणि आवाज बदलला.

डुम्.

तिने पुन्हा आपटली. डुम्. दाराबाहेर उभं राहून ठोठावल्यासारखं.

"मागे या," ती म्हणाली. "दोघंही. हळू."

जुन्या काळी सोन्याच्या आशेने लोकांनी या डोंगरात कुठेही विहिरीसारखे खड्डे खणले आणि वर फळ्या टाकून निघून गेले. फळ्या कुजतात, वर माती साचते, झुडपं येतात. झुडपं बाजूला केली तेव्हा फळ्यांमध्ये एक भगदाड दिसलं. माणूस जाईल एवढंच. लघवीला म्हणून रायफल झाडाला टेकवून कुणी चार पावलं बाजूला गेला असेल, तर बरोबर तिथेच गेला असेल. आणि त्याच्यावर रात्री बर्फ पडलं की वरून काहीच दिसलं नसेल.

मी कमरेला दोर बांधून पालथी झाले आणि टॉर्च आत धरला. खालून थंड हवा तोंडावर आली. श्वासासारखी. आधी नुसता अंधार. मग दगडांचा ढीग. मग रंग.

"काय दिसतंय?" आउनेने विचारलं.

"नारिंगी," मी म्हटलं. मोसमात अंगावर नारिंगी जाकीट घालण्याचा इथे कायदा आहे. त्याच्या आत काय होतं ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पण आणखी एक गोष्ट होती, ती मला सांगावी लागली. त्याच्या शेजारी दगडाची एक चपटी कपार होती, आणि तिच्यावर काडतुसं ओळीने उभी केलेली होती. गोळी वर, बूड खाली, हिरवी पडलेली. आउनेने भरलेली. घरंगळून अशी उभी राहत नाहीत. कुणीतरी एकेक उभं केलं होतं, दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढतात तसं. कशासाठी, ते आम्हा तिघांनाही कळलं. किती होती, ते आउनेने मला लिहू दिलेलं नाही.

लेलँड तिथेच गुडघ्यांवर बसला होता. तो जिथे उभा राहून हाका मारत होता, तिथून खड्ड्याचं तोंड त्याच्या पाठीशी होतं. हात लांबवला असता तर झुडपाला लागला असता.

"तो जिवंत होता," लेलँड म्हणाला. "आउने, तो जिवंत होता."

"हो."

"तो मला बोलावत होता."

"हो, पुल्ला."

त्या नावासरशी लेलँडच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून झोपेत ऐकू येतो. आउने त्याच्या शेजारी बसली. तिने त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. त्या भोकाकडे बोट दाखवून बसमधल्या आवाजात म्हणाली, "दे ओ."

"काय?"

"त्याने हाक मारली होती. ओ दे."

लेलँड हातांवर रांगत पुढे गेला. आत तोंड घालून म्हणाला, "ओ." मग मोठ्याने, "ओ, उर्हो! आहे मी! आलो!"

खालून त्याचाच आवाज परत आला, थोडा उशिरा, बारीक आणि पोकळ होऊन. सोळा वर्षांपूर्वी त्याने जसा ऐकला होता अगदी तसा. आम्ही तिघंही तो विरेपर्यंत हललो नाही.

नंतरचं सरकारी काम झालं. माणसं आली, दोर आले, उर्हो वर आला. 'स्वखुशीने' खोडायला मला ऑफिसात तीनदा आवाज चढवावा लागला, पण खोडला. नव्या कागदावर 'अपघात' आहे. आईशेजारची जागा भरली. लेलँड दफनाला आला तेव्हा कुंपणाबाहेर उभा होता, आणि मी त्याला तिथूनही हाकलायला निघाले होते. आउने म्हणाली, "सोड. त्याला जे ऐकू येतं ते तुला येत नाही."

मी सोडलं. पण लेलँड हा एकच नाही. मी तेव्हापासून या डोंगराखालच्या गावागावांत विचारत फिरते आहे, आणि 'डोंगरातून आवाज आला होता, आम्ही पळालो' असं खालच्या मानेने सांगणारी माणसं मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटली. तेव्हा तुम्हाला एवढंच मागते. कुठल्याही डोंगरात, कुठल्याही रानात, कुणी नाही अशा जागी तुमच्या नावाने हाक आली, तर पळू नका. भीती वाटेल, वाटू द्या. पाय रोवून उभे राहा, आवाज कुठून येतोय ते बघा, आणि ओ द्या.